कॅमेरा अपग्रेड करताना ब्रँड बदलताय? आधी या चुका टाळा

लगीनसराई जवळ आली की कॅमेरा बदलायचं डोक्यात येतंच. हातात कॅननचा जुना ८०डी नाहीतर निकॉनचा डी७५०० असतो, ओळखीतल्या कुणीतरी नुकताच सोनी घेतलेला असतो, त्याचा फोकस डोळ्याला कसा चिकटून बसतो ते आपण बघितलेलं असतं, आणि मग प्रश्न येतो की आता ब्रँडच बदलून टाकू का. बदला की, त्यात पाप काही नाही. पण बहुतेकजण दोन बॉड्यांची किंमत शेजारी शेजारी ठेवून ठरवतात आणि खरा खर्च बॉडीत नसतोच, तो लेन्समध्ये असतो, तिथेच गडबड होते.

घोडं कुठे पेंड खातंय ते न बघता ब्रँड बदलणं

ही सगळ्यात कॉमन चूक. "निकॉनचे फोटो नॉइजी (दाणेदार) येतात" असं म्हणणाऱ्याला विचारा की लेन्स कुठली लावतोस, उत्तर येतं १८-५५. आता ही लेन्स ५५ ला एफ/५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), मंगल कार्यालयातल्या पिवळ्या उजेडात आयएसओ ६४०० ला जाणारच ना, आणि आयएसओ चढवला की नॉइज आलाच. तिथे साधी ५० एमएम एफ/१.८ लावली तर तीन स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्तच उजेड मिळतो, म्हणजे तोच फोटो आयएसओ ८०० ला निघतो. याउलट क्रॉप सेन्सरवरून (८०डी, डी७५०० मधला छोटा, एपीएस-सी सेन्सर) फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरला गेलात तर फायदा साधारण एक-सव्वा स्टॉपचा, मग ब्रँड कुठलाही असो. स्वस्तातली लेन्स जे काम करते ते लाखाच्या वरची बॉडी एकटी करत नाही.

दुसरी तक्रार असते फोकसची. चेहऱ्यावर पॉइंट होता आणि कान शार्प आलेत. डीएसएलआरमध्ये, म्हणजे ८०डी-डी७५०० सारख्या आरसावाल्या कॅमेऱ्यात, हे होतं कारण फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो काढणारा वेगळा, दोघांमध्ये एक केसाचा फरक पडला की लेन्स फोकस पुढे-मागे मारते. चेक करायला काही लागत नाही, ट्रायपॉडवर कॅमेरा, समोर तिरकं धरलेलं वर्तमानपत्र, मधला एकच पॉइंट, एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूमध्ये. लाइव्ह व्ह्यूवाला शार्प आणि दुसरा सॉफ्ट असेल तर कॅलिब्रेशनचा प्रॉब्लेम आहे, ८०डी मध्ये मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट आणि डी७५०० मध्ये फाइन ट्यून मेनूतच दिलंय. ट्रायपॉडवर दोन्ही शार्प येतात आणि लग्नातच सॉफ्ट येतात, तर शटर स्पीड बघा, १/६० सेकंदाला नाचणारी वरात शार्प येत नसते.

आणि एक तक्रार तर नवीन कॅमेरा घेतल्यावर चालू होते. मिररलेस (आरसा नसलेला, मुख्य सेन्सरवरच फोकस मोजणारा कॅमेरा) आला, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, आणि स्टेजच्या एलईडी लाइटखाली फोटोत आडवे पट्टे. लोक म्हणतात पीस खराब आला, पण खराब काही नसतं, इलेक्ट्रॉनिक शटर बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि तेवढ्या वेळात लाइट लुकलुकतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे लाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, म्हणून मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० ला या, बहुतेक वेळा सुटतं. एलईडी वॉलचं गणित वेगळं असतं, तिथे शटर थोडं थोडं हलवून बघावं लागतं.

मग बॉडी बदलायचं खरं कारण असतं का? असतं. ८०डी आणि डी७५०० दोन्हीत कार्ड स्लॉट एकच आहे, आणि लग्नाचं काम एका कार्डावर करणं म्हणजे दरवेळी जुगार. धावती पोरं, उडते पक्षी, चांगला व्हिडिओ, ही पण खरी कारणं आहेत. पण यातलं एकही कारण ब्रँड बदलायचं नाहीये, ही सगळी मिररलेसला जायची कारणं आहेत, या दोन गोष्टी लोक एकत्र कालवतात.

"आपण त्याच ब्रँडमध्ये राहतोय, म्हणजे सेफ"

हे अर्धंच खरं. कॅननने २०१८ मध्ये मिररलेससाठी आरएफ माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती जागा) आणला, निकॉनने त्याच वर्षी झेड, म्हणजे जुन्या ईएफ आणि एफ माउंटवाल्याला माउंट तसाही बदलायचाच आहे, नाव तेच राहील एवढंच. (कॅननवाल्यांना हे नवीन नाही, १९८७ मध्ये एफडी सोडून ईएफ आणला तेव्हाही जुन्या लेन्सवाले असेच बसले होते.) फरक पडतो तो अ‍ॅडॉप्टरमुळे. ईएफ लेन्सला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर लागतं, आरएफमध्ये ते २० आहे, मधल्या २४ मिलिमीटरची रिकामी नळी म्हणजे कॅननचा अ‍ॅडॉप्टर, आत काच नाही त्यामुळे क्वालिटी जात नाही आणि ऑटोफोकसही नीट चालतो, कधीकधी जुन्या बॉडीपेक्षा बरा. ईएफच्या दोन-तीन चांगल्या लेन्स असतील तर माझं स्पष्ट मत, कॅननमध्येच राहा. तीच लेन्स सिग्माचा एमसी-११ अडॉप्टर लावून सोनीवर चालते, पोर्ट्रेटला चालेल, पण वरमाला पडायच्या क्षणाला किंवा व्हिडिओत तिच्या भरवशावर मी राहणार नाही.

फक्त ईएफ-एस (क्रॉप सेन्सरसाठीच्या लेन्स) वाल्यांनी एक लक्षात ठेवा, ती लेन्स फुल फ्रेम आरएफ बॉडीवर बसते पण फोटो क्रॉप होतो, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन हातात साडेनऊच्या आसपास येतात.

निकॉनमध्ये फसायची जागा वेगळी. आपल्याकडे डी७०००, डी९० च्या काळातल्या ५० एमएम १.८ डी आणि ८०-२०० एफ/२.८ डी अजून पुष्कळांकडे आहेत, मस्त लेन्स आहेत, पण त्यांचा फोकस बॉडीतली मोटर फिरवते. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही, एफटीझेड २ मध्ये पण नाही. म्हणजे झेड बॉडीवर त्या लेन्स लागतील, फोटो येईल, फोकस मात्र हाताने. एएफ-एस लेन्स (मोटर लेन्समध्येच) असतील तर काही टेन्शन नाही. सिग्मा-टॅमरॉनच्या जुन्या लेन्स असतील तर दुकानात नेऊन प्रत्यक्ष लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, काहींना फर्मवेअर अपडेट लागतो.

आता उलटी चूक. पिशवीत १८-५५, ७०-३०० आणि एक ५० एमएम, आणि माणूस म्हणतो "माझं सगळं सेटअप कॅननचं आहे, बदलू कसा". अरे सेटअप कसलं, यातली एकही लेन्स तू फुल फ्रेमला कामाची म्हणून पुढे वापरणार नाहीयेस, ५० एमएम सोडून. तुझ्यासाठी तिन्ही ब्रँड सारखेच, आता कोणाच्या लेन्स परवडतात तेवढंच बघ. इथे सोनीचं पारडं जड आहे, कारण ई माउंट बाहेरच्या कंपन्यांना आधीपासून मोकळा होता, टॅमरॉन आणि सिग्माच्या एफ/२.८ झूम तिथे भरपूर आणि सेकंडहँडही मिळतात. निकॉन झेडमध्ये टॅमरॉन २०२२ ला आणि सिग्मा २०२३ ला आला. कॅननने २०२४ मध्ये दोघांना आरएफची दारं उघडली खरी, पण ती एपीएस-सी लेन्सपुरती. फुल फ्रेममध्ये कॅनन म्हणजे मोठ्या प्रमाणात कॅननच्याच किमती, हे धरून चाला.

वाइल्डलाइफवाल्यांनी तर बॉडी बघूच नये आधी, ६०० एमएम पर्यंतची लेन्स कोणाची घेणार ते ठरवा आणि तिच्यामागे बॉडी लावा. सोनीची २००-६००, निकॉनची १८०-६००, दोन्ही लांबच्या टोकाला एफ/६.३. कॅननची आरएफ १००-५०० तिथे एफ/७.१, वजनाला हलकी पण ताडोबात गेटमधून आत शिरल्या शिरल्या जो उजेड असतो त्यात हा फरक आयएसओवर दिसतो. भिगवणला उन्हात फ्लेमिंगो काढणाऱ्याला मात्र हलकी लेन्स जास्त आवडेल. जुनी २००-५०० निकॉन असेल तर ती एफटीझेडवर चालवा, घाई नको.

हिशोबात न धरलेल्या गोष्टी

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो इथे. बॅटरी बघा: कॅननची एलपी-ई६ २००८ च्या ५डी मार्क २ पासून चालत आलीये, ८०डी च्या बॅटऱ्या आर६ मध्ये बसतात (बर्स्टचा, म्हणजे सलग फोटोंचा स्पीड थोडा कमी मिळेल). निकॉनची ईएन-ईएल१५ पण तशीच, डी७००० मधली झेड६ मध्ये चालते, आणि डी७५०० वाल्यांनो तुमची १५ए पण त्याच घरातली, तीही चालते. ब्रँड बदलला की बॅटऱ्या, चार्जर, सगळं नवीन. कार्डाचं पण तेच, सोनीला सीएफएक्सप्रेस टाइप ए लागतं, निकॉन-कॅननला टाइप बी, एकमेकांत बसत नाहीत. एसडीवर भागत असेल तर हा खर्च वाचतो.

फ्लॅश मात्र लगेच विकू नका. कॅननवाला गोडॉक्स फ्लॅश सोनीच्या हॉट शूवर टीटीएल (उजेड आपोआप ठरवणं) देणार नाही, पण सोनीचा ट्रिगर घेतला की तोच फ्लॅश स्टँडवर रिसीव्हर म्हणून चालतो. स्टुडिओ लाइटवाल्यांना तर फक्त ट्रिगर बदलायचाय.

एडिटिंगमध्ये जुनं लाइटरूम ६ वापरणारे अडकतात, ते नव्या कॅननची सीआर३ (रॉ) फाइल उघडतच नाही. आणि तुमचा असोसिएट कॅननवर आणि तुम्ही सोनीवर असाल तर हळदीच्या फोटोत पिवळा दोन प्रकारचा येतो आणि अल्बम करताना प्रिसेट जुळवत बसावं लागतं. ऐनवेळी लेन्स मागायची सोय जाते ती वेगळीच, ज्यांच्यासोबत रोज काम करता त्यांच्याकडे काय आहे हे माझ्या मते स्पेकशीटपेक्षा महत्त्वाचं.

विकताना आणि घेताना

जुना सेट विकून मोकळं होऊन मग सिझनला सामोरं जाणं, हे करू नका. निकॉनची झूम रिंग कॅननच्या उलट फिरते, हात जायला वेळ लागतो, आणि मुहूर्त थांबत नाही. आधी दोन दिवस भाड्याने घ्या, स्वतःच्या लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लावा, घरातल्या कमी उजेडात पोरांना पळवा. मगच ठरवा, आणि नवा कॅमेरा छोट्या कामांवर रुळला की जुना काढा.

लेन्स विकायची असेल तर पावसाळ्याआधी टॉर्च मारून बघा. मुंबई-कोकणच्या दमटपणात बॅगेत राहिलेल्या लेन्सला फंगस धरतो आणि मग किंमत अर्धीसुद्धा कोणी देत नाही. सेकंडहँड घेताना हीच टॉर्च समोरच्याच्या लेन्सवर मारा, बॉडी असेल तर शटर काउंट (किती फोटो काढून झालेत) बघा. नवीन घेताना मुंबईत फोर्टात बोरा बाजारला गेलात तरी दोन भाव ऐकाल, बिलाचा आणि बिनबिलाचा. बिनबिलाचा पीस स्वस्त दिसतो पण त्याला भारतातली वॉरंटी मिळायची मारामार, शिवाय कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे आणि तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर त्याचं क्रेडिट बिलावरच मिळतं, ते धरलं की दोन्ही भावांतला फरक बराच कमी होतो.