बोलण्याआधी कळायला हवं: बाळाला खेळातून पहिले शब्द कसे द्यावेत

बाळ शब्द बोलायच्या कितीतरी आधी तो ओळखायला लागतं. साधारण ६ ते ९ महिन्यांत ते आपल्या नावाला वळून बघतं. वर्षाच्या आसपास रोज हाताळायच्या काही वस्तूंची नावं त्याला कळतात. दीड वर्षाचं झालं की हाताने काही न दाखवता नुसतं 'बूट आण' म्हटलं तरी बूट आणतं. तोंडात मात्र तेव्हा मोजकेच शब्द असतात. त्यामुळे ८-९ महिन्यांपासून पुढे 'म्हण ना, बॉल म्हण' असा धोशा लावू नये. आधी शब्द कळू द्यावा.

सुरुवातीला सहाच शब्द घ्या: तीन वस्तू, दोन क्रिया, एक माणूस. उदाहरणार्थ बॉल, वाटी, टोपी, दे, टाक, आजी. घरात 'चेंडू' म्हणत असाल तर चेंडूच ठेवा, पण सकाळी चेंडू आणि संध्याकाळी बॉल नको. शब्द कानाला एकमेकांपासून वेगळे वाटायला हवेत. चिऊ, काऊ, माऊ हे तिन्ही एकदम घेतले तर शेवटचा 'ऊ' सारखाच येतो आणि बाळाचा गोंधळ होतो. त्यातला एकच घ्या, जोडीला भूभू घ्या. 'भूभू' शिकलं की 'कुत्रा' शिकायला अडतं ही भीती बाळगू नका, तसं होत नाही.

मराठीची एक अडचण इथे लक्षात ठेवायला हवी. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि वस्तूचं नाव मध्ये दबतं, शिवाय प्रत्यय लागून रूप बदलतं. टोपीला, टोपीत, टोप्या: बाळाच्या कानाला हे सगळे वेगळे आवाज असतात. म्हणून खेळताना शब्द उघडा आणि शेवटी ठेवा: 'ही टोपी.' 'कुठाय टोपी?' 'दे टोपी.' क्रियांचं मात्र सोपं आहे. दे, घे, ये, बस, टाक हे शब्द एकटेच बोलले जातात आणि लगेच काहीतरी घडतं, म्हणून ते लवकर रुजतात.

खेळाला रुंद तोंडाचा स्टीलचा डबा, एक बॉल, एक वाटी आणि एक टोपी एवढं पुरे. वस्तू ४-५ सेंटिमीटरपेक्षा लहान नकोत आणि बॉल त्याहूनही मोठाच हवा, नाहीतर घशात अडकू शकतो. बटण-सेल असलेली वाजणारी खेळणी स्क्रूने झाकण घट्ट बंद असल्याशिवाय देऊ नका; सेल गिळला गेला तर काही तासांतच अन्ननलिका भाजते. टीव्ही बंद करा. ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या रहदारीच्या रस्त्याकडे उघडणारी खिडकी असेल तर तेवढा वेळ लावून घ्या. रहदारीच्या घरघरीत मोठ्यांना शब्द जुळवून घेता येतो, बाळाला येत नाही. जमिनीवर चटई टाकून समोरासमोर, हातभर अंतरावर बसा.

आता घाई नको. बाळ ज्या वस्तूकडे बघतं किंवा जी हातात घेतं, तिचंच नाव तेव्हाच घ्या. ते वाटी वाजवत असताना तुम्ही 'हा बघ बॉल' म्हणालात तर वाटीलाच बॉल म्हणतात असं त्याला वाटू शकतं. वाटी आपटली की 'वाटी!', डब्यात टाकली की 'टाक!... टाकली वाटी'. मग ५ ते ७ सेकंद गप्प राहा. ही शांतता मोठ्यांना जड जाते, पण ऐकलेलं जुळवायला बाळाला तेवढा वेळ लागतो. एकच शब्द तीन-चार मिनिटांत पाच-सहा वेळा, आणि असा खेळ दिवसातून दोन-तीनदा. बाळाने तोंड फिरवलं, डोळे चोळले की थांबायचं.

आठ-दहा दिवसांनी पारख करायची, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आपण 'बॉल दे' म्हणतो, नकळत बॉलकडे बघतो, हात पुढे करतो. बाळ ते बघून बॉल देतं आणि आपण समजतो की शब्द कळला. त्याला कळलेला असतो हात. हावभाव शिकवताना हवेतच, सुरुवात त्यांनीच होते. पारखताना मात्र ते काढून घ्यायचे. बॉल आणि वाटी एकमेकांपासून फूटभर अंतरावर ठेवा, हात मांडीवर घ्या, नजर बाळाच्या चेहऱ्यावर ठेवा आणि विचारा, 'कुठाय वाटी?' आवडीची वस्तू विचारू नका, ती बाळ कशीही उचलणारच. दर वेळी जागा बदला. पाचांतली चार वेळा जमलं तर शब्द कळला म्हणा. दोन-तीनदा तर अंदाजानेही जमतं. नुसती नजर त्या वस्तूवर जाऊन थांबली तरी ते उत्तर धरा. चुकलं तर 'नाही' न म्हणता योग्य वस्तू हातात द्या आणि नाव घ्या.

एक शब्द कळला की वस्तू बदला. लाल प्लॅस्टिकचा बॉल, कापडी बॉल, टेनिसचा बॉल. नाहीतर 'बॉल' हे त्या एकाच लाल वस्तूचं विशेषनाव होऊन बसतं. ओढणीआडचं 'बुवा कुक' माणसांच्या नावांसाठी उत्तम: 'कुठाय आजी?' आणि ओढणी खाली. बाहेर नेलंत तरी जवळचं दाखवा. ठाण्यात तलावपाळीला पाण्याच्या मधोमध गेलेली होडी किंवा नवी मुंबईत सीवूड्सला खाडीतले दूरचे फ्लेमिंगो दाखवून उपयोग नाही. तुमचं बोट नक्की कशाकडे आहे हेच बाळाला कळत नाही. कठड्यावरचा काऊ, गेटपाशी झोपलेला भूभू, लिफ्टमध्ये 'वर' आणि 'खाली' हे खरे धडे.

नवी मुंबईत सांभाळणाऱ्या मावशी हिंदी आणि शेजारचे तमिळ बोलत असतील तर बाळाचं नुकसान नाही. मावशी वाटीला कटोरी म्हणत असतील तर म्हणू द्या, फक्त रोज तेच म्हणोत. कळलेले शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरा. मोबाइलवरच्या बालगीतांनी मात्र हे काम होत नाही, कारण पडदा बाळाची नजर बघून शब्द देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच.

पाहुण्यांसमोर 'नाक कुठाय, कान कुठाय' अशी फैर झाडू नका. एका प्रश्नामागे चार-पाच वेळा नुसतं नाव सांगणं, हे प्रमाण ठेवा.

वर्षाचं होऊनही बाळ नावाला वळत नसेल, दीड वर्षाला हावभावाशिवाय एकही सोपी सूचना कळत नसेल, तर आधी श्रवणतपासणी करा. कळत असलेले शब्द हरवले तर कुठल्याही वयात लगेच दाखवा. कुकरच्या शिट्टीला दचकतं म्हणजे ऐकू येतं, हा समज चुकीचा आहे. मोठा आवाज ऐकू येऊनही स, श यांसारखे बारीक आवाज निसटू शकतात, आणि सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी शब्द दबके येतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच आहे. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून वर्षातून दोनदा तपासणी करण्याची सोय आहे. कळलेले शब्द फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहीत जा आणि तपासणीला जाताना तो सोबत न्या: कोणता शब्द, कोणत्या तारखेला, हात दाखवून की न दाखवता.