एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळाचं रक्त गोठत नाही? आधी या चुका टाळा

पहाटे ३ वाजता लॅबचा फोन आला. एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी, १८० सेकंदांच्या वर. रेसिडेंटनं ब्लड बँकेला एफएफपीची (गोठवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग) चिठ्ठी पाठवलीसुद्धा. बाळाकडे गेलो, तर टाचेवर टोचलेली जागा कोरडी, नाळेतून टिपूस नाही. नमुना कुठून घेतला होता? नाळेतल्या लाइनमधून, तिच्यात हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, चालू असताना! हाताच्या शिरेतून पुन्हा घेतला, तर आकडा बाळाच्या वयाला साजेसा निघाला.

सगळ्यात जास्त घोळ नमुन्यातच होतो. निळ्या झाकणाच्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट (नळीतलं रक्त गोठू न देणारं द्रावण) लागतं. "सर, रक्त येतच नाहीये" म्हणून नळी अर्धीच भरली, की गोठण्याची वेळ खोटीच लांबते. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५५ टक्क्यांच्या वर असेल तरी तेच होतं, कारण प्लाझ्मा कमी पडतो. अशा वेळी सायट्रेट कमी करून नळी द्यायला लॅबला आधीच सांगा. टाच पिळून काढलेल्या रक्तात गुठळ्या होतात आणि प्लेटलेट फसव्या कमी दिसतात, त्यामुळे स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय घाबरू नका.

दुसरी चूक म्हणजे मोठ्या माणसाच्या कोष्टकाशी तुलना करणं. नवजात बाळात व्हिटॅमिन केवर चालणारे, रक्त गोठवणारे घटक मुळातच निम्म्याच्या आसपास असतात. रक्तस्राव नसताना नुसता आकडा सुधारायला एफएफपी देऊ नका. रक्त येत असेल, तर किलोमागे १० ते १५ मिली. फायब्रिनोजेन (रक्ताची गुठळी बांधणारं प्रथिन) घसरलं असेल तर क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन जास्त असलेला भाग. आणि बाळ गार असेल तर आधी ऊब द्या. थंड बाळात प्लाझ्मा ओतून फारसं काही साधत नाही.

प्लेटलेटचंही तसंच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्लॅनेट-२ चाचणीत ६६० अपुऱ्या दिवसांची बाळं होती. ५० हजारांखाली प्लेटलेट दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के, तर २५ हजारांपर्यंत थांबलेल्या गटात १९ टक्के. मला स्वतःला हे पचायला वेळ लागला.

बाहेरून आलेल्या बाळाच्या चिठ्ठीवर व्हिटॅमिन के लिहिलेलं नसेल, तर दिलेलंच नाही असं धरा. आईला फिट्सच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू होत्या का, तेही विचारा; त्यांतल्या काहींमुळे बाळात व्हिटॅमिन के कमी पडतं. रक्त वाहत असेल तर व्हिटॅमिन के मांडीत टोचू नका. शिरेतून, सावकाश द्या.