साथीची वही: बडोद्यात बसून माग कसा ठेवायचा

महासाथीचा माग ठेवायला साधी एक्सेल शीट पुरते. रकाने किमान सात: आकडा कोणत्या तारखेचा, जाहीर कधी झाला, परिसर, नवे रुग्ण, चाचण्या, मृत्यू, शेरा. पहिले दोन रकाने एकत्र करू नका. आठवडाभर अडकलेले अहवाल एकाच दिवशी बाहेर पडतात आणि आलेखावर नसलेली लाट उभी राहते.

परिसर म्हणजे नेमका कोणता, हे आधी ठरवा. कोविडच्या काळात गुजरातच्या रोजच्या पत्रकात ‘वडोदरा कॉर्पोरेशन’ आणि ‘वडोदरा’ अशा दोन ओळी असत. शहरातल्या दांडिया बाजारचा रुग्ण पहिल्या ओळीत, जिल्ह्यातल्या पादरा-डभोईचा दुसऱ्या. नुसतं ‘वडोदरा’ शोधून आकडा उचलला, तर अख्खं शहरच गळालं म्हणून समजा.

खरी फसगत मात्र लोकसंख्येत होते. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४१.६५ लाख आहे, पण ऑगस्ट २०१३मध्ये छोटाउदेपूर वेगळा जिल्हा झाला. तो वजा केल्यावर साधारण ३१ लाख उरतात. समजा जिल्ह्यात आठवड्याला ५०० रुग्ण निघाले: जुन्या आकड्याने भागलं तर लाखामागे १२, नव्याने १६. साथ तीच, पण एक चतुर्थांश कागदावरच ‘बरी’ झाली! त्यात २०२०मध्ये, ऐन साथीत, भायली, सेवासी, वेमालीसारखी गावं महापालिकेत आली. अशा तारखेला शेऱ्यात खूण करा आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे दर जपून ताडून बघा.

मृत्यूंचा रकाना आणखी नाजूक. शहरातल्या सयाजी हॉस्पिटलात दाहोद, पंचमहालपासून मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआपर्यंतचे रुग्ण येतात. मोजणी राहत्या गावावरून आहे की मृत्यूच्या जागेवरून, हे पत्रकाच्या तळटीपेत बघा; तिथे नसेल तर शहराचा मृत्युदर काढूच नका. शिवाय कोविडमध्ये मृत्यू रुग्णसंख्येच्या दोन-तीन आठवडे मागे चालत. आजच्या मृत्यूंना आजच्या रुग्णांनी भागलं, की लाट चढताना आजार सौम्य वाटतो आणि उतरताना भयंकर.

आता साथीची चाल, म्हणजे वेग. रोजचा आकडा बघून घाबरू नका, निवांतही होऊ नका. रविवारी चाचण्या कमी होतात. १४-१५ जानेवारीला उत्तरायण आणि वासी उत्तरायण हे पतंगांचे सण, सगळं बडोदं गच्चीवर, त्यामुळे तेव्हाही आकडा पडतो आणि दोन दिवसांनी उसळतो. सात दिवसांची सरासरी घ्या आणि ती चौथ्या दिवसावर मांडा, शेवटच्या नव्हे. मग सोमवार ते रविवार या आठवड्याच्या बेरजेला आधीच्या आठवड्याच्या बेरजेने भागा. उत्तर २ आलं तर रुग्ण सात दिवसांत दुप्पट होताहेत, १.४ म्हणजे साधारण चौदा दिवसांत, १.१ म्हणजे पन्नासेक दिवसांत. एकच्या खाली ओहोटी. आठवड्याला वीस-पंचवीसपेक्षा कमी रुग्ण असतील तर हे गुणोत्तर उगाच नाचतं, तेव्हा दोन आठवडे एकत्र धरा.

शेजारीच चाचण्यांमागे बाधितांचं प्रमाण लिहा. रुग्ण वाढले पण प्रमाण स्थिर असेल, तर बहुधा चाचण्याच वाढल्यात. आरटी-पीसीआर आणि रॅपिड अँटिजेन मात्र एका रकान्यात घालू नका. अँटिजेन बऱ्याच बाधितांना सोडून देते, म्हणून तिचा वाटा वाढला की प्रमाण आपोआप खाली येतं.

आसपासच्या विभागाकडे बघताना नकाशातल्या अंतरापेक्षा रेल्वेचा फाटा बघा. १९९४मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा लाखो माणसं गाड्या-बसने बाहेर पडली होती. बडोद्यासाठी मुंबई, सुरत, अहमदाबाद आणि रतलाम अशा चार ओळी रोज भरल्या तरी पुरे. लघुगणकी प्रमाणावर (लॉग स्केल: १, १०, १०० या खुणा सारख्या अंतरावर) काढलेल्या आलेखात चौघांचे चढ शेजारी ठेवा: रेष सारखी कललेली असेल तर वेग सारखा, मग मुंबईचे आकडे कितीही मोठे असोत. आजवरच्या एकूण रुग्णांचा आलेख काढून उपयोग नाही, तो कधी उतरतच नाही.

जगाच्या तक्त्यात ‘पहिला रुग्ण’ हा शब्द जपून वापरा. ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराची खबर दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ला जागतिक आरोग्य संघटनेला दिली. २ डिसेंबरला कर्नाटकातले दोन रुग्ण जाहीर झाले, ४ डिसेंबरला जामनगरचा. कर्नाटकातल्या दोघांपैकी एकाने परदेशप्रवास केलेलाच नव्हता. म्हणजे या तारखा सापडल्याच्या, पोचल्याच्या नव्हेत.

देशांचे आकडे भरताना शून्य आणि रिकामा चौकोन यांत गल्लत नको. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने आपला जागतिक तक्ता १० मार्च २०२३ला थांबवला. बऱ्याच देशांनी तोवर रोजची मोजणीही सोडली होती. त्यानंतरची सपाट रेष बघून साथ संपली म्हणणं चूक. अहवाल आला नाही तर चौकोन रिकामा ठेवा, म्हणजे एक्सेल त्याला सरासरीत धरत नाही. आणि जुना आकडा सरकारने दुरुस्त केला तर खोडू नका: खाली नवी ओळ घालून तारीख टाका.