दुहेरीत कारकीर्द करू पाहणाऱ्या टेनिसपटूंसाठी

पुण्यात प्रशिक्षक म्हणून काम करताना सतरा-अठरा वर्षांच्या खेळाडूंचे पालक मला एक प्रश्न वारंवार विचारतात. एकेरीत क्रमवारी पुढे सरकत नसेल, तर मुलाला दुहेरीकडे वळवावे का? रॅकेट, गटिंग (रॅकेटच्या तारा), प्रवास आणि प्रशिक्षण यांवर घरातला किती पैसा खर्च झालेला असतो हे मी पाहिलेले असल्यामुळे त्या प्रश्नामागची काळजी मला कळते. पण एकेरीत ज्यांना जमले नाही त्यांची सोय म्हणजे दुहेरी, हा जो समज त्या प्रश्नात असतो, तो मला मान्य नाही. मी स्वतः उमेदीची वर्षे आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या स्पर्धांत दुहेरी खेळण्यात घालवली आणि पुढे काही जोड्यांबरोबर प्रशिक्षक म्हणून फिरलो. त्या अनुभवातून सांगतो की दुहेरी हा स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि कोणाबरोबर व कोणत्या आठवड्यात खेळायचे हा त्यातला सर्वांत मोठा निर्णय असतो. फोरहँड किती जोरात बसतो हा प्रश्न त्यानंतर येतो.

भारतीय टेनिसचा इतिहासही हेच सांगतो. १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, तेव्हापासून वरिष्ठ गटातील जी ग्रँड स्लॅम विजेतेपदे भारतीयांच्या वाट्याला आली, ती सर्व दुहेरीतली किंवा मिश्र दुहेरीतली आहेत. सानिया मिर्झा मनगटाच्या दुखापतींनंतर एकेरी सोडून पूर्णपणे दुहेरीकडे वळली आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिली आली. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार गटातील एकेरीचा विजेता होता आणि २०१८ मध्ये तो एकेरीत पहिल्या शंभरांत होता. दुखापतींमुळे एकेरीचा रस्ता बंद होत आल्यावर त्याने दुहेरी हाती घेतली आणि २०२५ च्या यूएस ओपनमध्ये मायकल व्हीनसच्या साथीने उपांत्य फेरी गाठली. आपल्या पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक चौधरी बोल्लिपल्लीबरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये अल्माटीची एटीपी २५० (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या मुख्य मालिकेतली) स्पर्धा जिंकली, तीही तिसऱ्या सेटऐवजी खेळला जाणारा निर्णायक सुपर टायब्रेक १४-१२ असा घेऊन. यांपैकी कोणाचाही प्रवास सरळ रेषेतला नव्हता.

आता गणिताकडे वळू, कारण नव्या खेळाडूंची सर्वांत जास्त धांदल तिथेच उडते. दुहेरीची पारितोषिकाची रक्कम जोडीला मिळते आणि तिचे दोन भाग होतात, मात्र क्रमवारीचे गुण दोघांनाही पूर्ण मिळतात. पुरुषांच्या एम १५ या आयटीएफच्या सर्वांत खालच्या पातळीवरच्या स्पर्धेतील विजेत्या जोडीच्या प्रत्येक खेळाडूला १५ गुण, त्याच्या वरच्या एम २५ मध्ये २५, आयटीएफ आणि एटीपीच्या मुख्य मालिकेच्या मधल्या पातळीवरच्या चॅलेंजर स्पर्धांत त्यांच्या दर्जानुसार ५० ते १७५, एटीपी २५० मध्ये २५० आणि ग्रँड स्लॅममध्ये २००० गुण मिळतात. छोट्या स्पर्धांच्या ड्रॉमध्ये (सामन्यांच्या मांडणीत) साधारण १६ जोड्या असतात, म्हणजे चार सामने जिंकले की विजेतेपद. पण पहिल्याच फेरीत हरलात तर विमानाचे तिकीट आणि हॉटेल यांच्या मोबदल्यात एकही गुण पदरात पडत नाही. शिवाय मिळालेले गुण ५२ आठवड्यांनी गळतात, त्यामुळे गेल्या वर्षी याच सुमारास केलेली चांगली कामगिरी या वर्षी राखावी लागते.

प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमवारीच्या बेरजेवर (बेरीज जितकी लहान, तितकी जोडी वर), आणि प्रत्येक खेळाडूला एकेरी किंवा दुहेरी यांपैकी जी क्रमवारी चांगली असेल ती वापरता येते. याचा परिणाम काय होतो ते उदाहरणाने पाहा. तुम्ही दुहेरीत ३१० वे आणि तुमचा जोडीदार १९० वा असेल, तर तुमची बेरीज ५०० होते. त्याच स्पर्धेत दोन एकेरीचे खेळाडू, एक १०० वा आणि दुसरा २५० वा, सरावासाठी म्हणून ऐनवेळी दुहेरीत नाव देतात. दुहेरीत त्यांना क्रमांकही नसतो, तरी त्यांची बेरीज ३५० होते आणि ते तुमच्या वर जातात. म्हणून स्पर्धा निवडताना तिचे नाव किंवा शहर पाहून चालत नाही. त्या आठवड्यात इतरत्र कोणत्या स्पर्धा आहेत, एकेरीचे खेळाडू कोठे जातील, मागच्या वर्षी तिथला कटऑफ, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या जोडीची बेरीज, कितीवर थांबला होता, हे वहीत मांडावे लागते. स्पर्धेचे माहितीपत्रकही पूर्ण वाचावे. नावनोंदणी आगाऊ आहे की प्रत्यक्ष जागेवर, साइन-इनची (हजेरी नोंदवण्याची) वेळ कोणती, हॉटेल कोणते, चेंडू कोणत्या कंपनीचे, हे सगळे त्यात लिहिलेले असते, आणि साइन-इनची वेळ टळली की कोणतीही सबब चालत नाही.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड होते आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून ६ लाख ८० हजार पौंड. शिखरावर जर इतके अंतर असेल, तर एम १५ च्या पातळीवर दुहेरीच्या बक्षिसातून आठवड्याचा खर्चही निघत नाही, हे पालकांनी आधीच गृहीत धरावे. दुहेरीचा खेळाडू खऱ्या अर्थाने कमावू लागतो तो ग्रँड स्लॅमच्या ६४ जोड्यांच्या ड्रॉमध्ये नियमितपणे प्रवेश मिळू लागल्यावर. तोपर्यंत क्लबचे सामने, परदेशातील लीग, प्रायोजक, नोकरी देणारी एखादी संस्था किंवा घरचा आधार यांवरच निभवावे लागते. ही वर्षे किती लांबतील ते कोणीही सांगू शकत नाही, म्हणून दर मोसमाच्या शेवटी हिशेब मांडून पुढच्या मोसमाचा निर्णय घेण्याची सवय मी माझ्या खेळाडूंना लावतो.

जोडीदाराचा विषय मात्र मला सविस्तर मांडायचा आहे. ब्रायन बंधूंसारखी जोडी, ज्यांनी एकत्र १६ ग्रँड स्लॅम जिंकली, हा अपवाद आहे. ते जुळे भाऊ होते आणि लहानपणापासून एकाच कोर्टावर वाढले. इतरांना जोडीदार शोधावा लागतो, सांभाळावा लागतो आणि कधी सोडावाही लागतो. सुरुवातीला बहुतेक जोड्या एकेका आठवड्यापुरत्या जमतात. पण अशा तात्पुरत्या जोड्यांतून शिकायला मिळते ते मर्यादित, कारण समोरचा खेळाडू दडपणाखाली कोठे सर्व्हिस करतो, चिडला की गप्प बसतो की बोलतो, हे कळायला काही स्पर्धा जाव्या लागतात. रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डन २०२३ च्या मोसमात एकत्र आले. त्याच वर्षी त्यांनी इंडियन वेल्स जिंकली आणि जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून बोपण्णा ४३ व्या वर्षी जगात पहिला आला. त्यांच्या खेळाची जुळणी पाहण्यासारखी होती. बोपण्णाकडे भेदक सर्व्हिस आणि जोरदार फटका, तर एब्डनकडे चपळ रिटर्न आणि नेटवरची चलाखी. जोडीदार निवडताना आपल्यासारखाच खेळाडू शोधू नये, आपल्यात जे कमी आहे ते ज्याच्याकडे आहे असा शोधावा.

आधी बाजू ठरवावी लागते. रिटर्न करताना उजवीकडे, म्हणजे ड्यूस कोर्टवर, कोण आणि डावीकडे, अ‍ॅड कोर्टवर, कोण, हे सेट चालू असताना बदलता येत नाही. नव्या सेटच्या आरंभीच बदलता येते. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असेल, तर तो सुरू होतानाही क्रम बदलण्याची मुभा असते, आणि हा नियम पुष्कळ नव्या खेळाडूंना ठाऊकच नसतो. जोडीदाराला शब्द देण्याविषयी माझे मत ठाम आहे. एकदा एका आठवड्यासाठी हो म्हटले, की वरच्या क्रमांकाच्या खेळाडूचा फोन आला म्हणून ते मोडू नये. हे वर्तुळ लहान आहे, आणि कोणी कोणाला ऐनवेळी सोडले हे पुढच्या शहरात तुमच्या आधी पोहोचलेले असते. जोडी संपवायची असेल, तर ती स्पर्धा सुरू असताना संपवू नये. स्पर्धा आटोपल्यावर समोरासमोर बसून सांगावे, आणि कारण क्रमवारीचे असेल तर तेच सांगावे. क्रमवारीचे कारण व्यावसायिक खेळाडूला समजते, त्याचा राग येत नाही.

कोर्टावरचे काम कसे चालते हे एका गुणावरून दाखवतो. एटीपी आणि चॅलेंजरच्या दुहेरीत ४०-४० झाले की अ‍ॅडव्हान्टेज (सलग दोन गुण घेण्याची अट) नसतो, एकच निर्णायक गुण खेळला जातो आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते रिटर्न करणारी जोडी ठरवते. ही पद्धत आणि तिसऱ्या सेटऐवजीचा सुपर टायब्रेक २००६ च्या सुमारास रूढ झाले. त्याआधी दुहेरीच्या खेळाडूंना स्पर्धांतून बाजूला सारण्याचे प्रस्ताव आले होते आणि खेळाडू न्यायालयापर्यंत गेले होते. समजा तुमचा जोडीदार सर्व्हिस करतो आहे आणि तुम्ही नेटजवळ, मध्यरेषेवर जवळजवळ बसलेले आहात. ही आय फॉर्मेशन. सर्व्हिसच्या आधी तुम्ही पाठीमागे हात नेऊन खुणा करता: पहिली खूण सर्व्हिस कोठे टाकायची, मध्यरेषेकडे, अंगावर की बाहेर, दुसरी खूण सर्व्हिसनंतर तुम्ही कोणत्या बाजूला झेपावणार. जोडीदार तोंडाने ‘हो’ म्हणतो किंवा दुसरी खूण मागतो. निर्णायक गुणावर मी बहुधा अंगावरची सर्व्हिस सुचवतो, कारण अंगावर आलेल्या चेंडूला कोन देता येत नाही आणि नेटवरच्या खेळाडूला ‘पोच’ करणे, म्हणजे झेपावून जोडीदाराच्या बाजूचा चेंडू मध्येच मारणे, सोपे जाते. यात सर्व्हिसचा वेग जितका महत्त्वाचा असतो, त्याहून अधिक महत्त्वाचे असते ठरवलेल्या जागी पहिली सर्व्हिस आत पडणे; कारण खुणेनुसार झेपावलेल्या जोडीदाराची मोकळी राहिलेली बाजू चुकीच्या सर्व्हिसवर उघडी पडते.

रिटर्नचा सराव आपल्याकडे फार कमी होतो. तासन्‌तास बेसलाइनवरून फटके मारणाऱ्या मुलाला दुहेरीत आणले की त्याचा सुंदर, उंच रिटर्न नेटवरचा खेळाडू सहज संपवून टाकतो. रिटर्न नेटच्या लगत, खाली, पुढे येणाऱ्या सर्व्हरच्या पायाशी पडला पाहिजे, आणि अधूनमधून नेटवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून लॉब (उंच उडवलेला चेंडू) गेला पाहिजे, म्हणजे तो पोच करायला बिचकेल. माझ्या खेळाडूंना मी कोर्टाच्या अर्ध्या भागात तिरके सामने खेळायला लावतो, तेही सर्व्हिस आणि पहिल्या व्हॉलीसह (टप्पा पडण्याआधी मारलेल्या फटक्यासह). दुहेरीतले बहुतेक गुण पहिल्या तीन-चार फटक्यांत मिटतात, म्हणून सरावाचा वेळही तिथेच गेला पाहिजे. या कौशल्याचे मोल २०२५ च्या यूएस ओपनमध्ये सर्वांना दिसले. मिश्र दुहेरी १६ जोड्यांपुरती मर्यादित करून एकेरीच्या मोठ्या नावांना बोलावले गेले, आणि तरी विजेतेपद सारा एर्रानी व आंद्रेआ वावासोरी या दुहेरीत मुरलेल्या जोडीनेच राखले.

शिक्षण सोडावे का, हाही नेहमीचा प्रश्न आहे. माझा कल अमेरिकेतील विद्यापीठांकडे आहे. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये खेळला आणि श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये. तिथल्या विद्यापीठांच्या सांघिक लढतीत आधी दुहेरीचे तीन सामने, प्रत्येकी एका सेटचे, होतात. त्यांतील दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो आणि मग एकेरीचे सहा सामने होतात. या रचनेमुळे प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यामागून आठवडा गर्दीसमोर, दडपणाखाली दुहेरी खेळावी लागते, आणि तेही शिष्यवृत्तीवर व पदवी घेत. ऋतुजाने पुढे हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गमावल्यावर त्यांनी ६-३, १०-४ अशी बाजी उलटवली.

दुहेरीत कारकीर्द लांब चालते हे खरे, पण ती आपोआप लांबत नाही. बोपण्णाने गुडघ्यांतील कूर्चा झिजल्यावर अय्यंगार योगाचा आधार घेतला आणि त्याचे श्रेय तो उघडपणे देत आला. नेटवरची वाकलेली बैठक, अचानक झेप आणि डोक्यावरचे स्मॅश यांचा भार खांदा, कंबर आणि गुडघे यांवर येतो, तेव्हा विशीतच फिजिओकडून व्यायाम आखून घ्यावेत.

एकेरी केव्हा सोडावी याविषयी माझा सल्ला असा की वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत दोन्ही खेळावे, कारण एकेरीची क्रमवारीच दुहेरीच्या प्रवेशाला सुरुवातीला हात देते. त्यानंतर दुहेरीची क्रमवारी एकेरीपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली आणि एकेरीच्या पात्रता फेऱ्यांमुळे दुहेरीचे सामने थकलेल्या अंगाने खेळावे लागत असतील, तर निर्णय लांबवू नये. महाराष्ट्रातल्या खेळाडूंना एक सोय जवळच आहे. बालेवाडीत गेली काही वर्षे फेब्रुवारीच्या सुमारास एटीपी चॅलेंजर झाली आहे, आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर व सोलापुरात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होत आल्या आहेत. अशा ठिकाणी आयोजकांकडे दुहेरीच्या जोड्यांसाठी वाइल्डकार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता दिल्या जाणाऱ्या थेट प्रवेशाच्या जागा, असतात. राज्य संघटनेकडे अर्ज करताना एकट्याचे नाव देऊ नका. ज्याच्याबरोबर किमान काही महिने खेळला आहात त्या जोडीदारासह, दोघांच्या निकालांची यादी जोडून, ड्रॉ निघण्याच्या पुष्कळ आधी अर्ज करा.