सिलिंडर बोअर करायचा की नाही, हे मोजून कसं ठरवावं

इंजिन धूर मारायला लागलं, ऑइल खायला लागलं, ओढ कमी झाली, की निष्कर्ष तयारच असतो: बोअर गेला, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत झिजली. पुष्कळदा तो गेलेला असतोही. पण हीच लक्षणं पिस्टनच्या घासलेल्या रिंगांची, कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलची किंवा खोबणी रुंदावलेल्या पिस्टनचीही असतात. बोअर करणं म्हणजे सिलिंडर आतून मोठा करण्यासाठी धातू कापून टाकणं. तो परत लावता येत नाही, आणि एका सिलिंडरच्या आयुष्यात असे टप्पे मोजकेच मिळतात. उलट, गरज असताना बोअर टाळून नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर थोड्याच दिवसांत धूर पुन्हा सुरू होतो आणि रिंगाही वाया जातात. म्हणून धूर पाहून शंका घ्यायची, निर्णय मात्र मायक्रोमीटरवर सोपवायचा.

इंजिन उघडण्याआधी

धूर कधी येतो ते आधी पाहा. रात्रभर उभं राहून सकाळी सुरू करताना निळा धूर आला आणि मग विरला, तर संशय व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर. भार पडल्यावर सतत निळा धूर, ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराचा वारा आणि एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल असेल, तर रिंग आणि बोअरकडे वळा.

मग कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम करा, इंधनाचा कॉक बंद करा, प्लग काढून त्याची वायर अर्थला टेकवा. गेज लावा, थ्रॉटल आणि चोक पूर्ण उघडे ठेवा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा वेळा, किक किंवा दोरी मारा. आकडा लिहून ठेवा. आता प्लगच्या भोकातून साधारण ५ मिलि इंजिन ऑइल सोडा, इंजिन दोन-तीन वेळा फिरवा आणि पुन्हा मोजा. आकडा ठळकपणे वाढला तर गळती रिंग-बोअरमधून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. जवळजवळ तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहा. ऑइल जास्त ओतू नका. वरची मोकळी जागाच कमी होते आणि आकडा खोटा वाढतो.

दोरीने सुरू होणाऱ्या बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांत कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेशनची यंत्रणा असते. कमी वेगात ती व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, त्यामुळे धडधाकट इंजिनही कमी आकडा दाखवतं. तिथे हवा गळती चाचणीच खरी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वात वर आणा आणि प्लगच्या जागेतून दाबाची हवा सोडा. क्रँक आधी पक्का धरून ठेवा, हवेने तो झटक्यात फिरतो आणि हाताला इजा होते. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ब्रीदर किंवा ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग-बोअर.

नखाने आणि डोळ्याने

सिलिंडर उतरवल्यावर धुऊन कोरडा करा. वरच्या टोकाशी कार्बनची कड असते, ती आधी लाकडाने किंवा मऊ धातूने खरवडा. आता नख खालून वर फिरवा. वरच्या रिंगेच्या टोकाशी नख पायरीवर अडकलं, तर ती झिजेची कड आहे. कडेच्या वरचा भाग मूळ मापाचा राहिलेला असतो, कारण रिंग तिथे पोहोचतच नाही. खालचा भाग मात्र खाल्ला गेलेला असतो. अशा सिलिंडरमध्ये नवी रिंग घातली, तर तिची धारदार वरची कड या पायरीवर आपटते. रिंग तुटते, कधी पिस्टनचा रिंगांमधला भागही तुटतो.

उभे ओरखडे दिसले तर नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर होनिंगने, म्हणजे भिंत बारीक दगडांनी घासून, ते जाऊ शकतात, अडकत असेल तर सहसा जात नाहीत. मात्र पिस्टन धरून (जाम होऊन) सुटलेला असेल, तर ओरखडा वाटतो तो खड्डा नसून भिंतीवर चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. बिडाच्या सिलिंडरवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून तेवढ्या भागावर आडवा-तिरका फिरवा. थर निघून खाली भिंत शाबूत निघाली, तर एक बोअर वाचला.

इथेच चुंबक लावून पाहा. आतली भिंत चुंबक घट्ट ओढत असेल तर लायनर (सिलिंडरची आतली नळी) बिडाचा आहे. ओढत नसेल किंवा अगदी हलका ओढत असेल, तर ॲल्युमिनियमवर निकेल-सिलिकॉन कार्बाइड किंवा क्रोमचा मुलामा असण्याची दाट शक्यता. असा सिलिंडर नेहमीसारखा बोअर करायचा नसतो. मुलामा अतिशय कठीण आणि पातळ असतो, तो कापला की उरतं ते मऊ ॲल्युमिनियम. मुलामा उडालेला दिसला तर पर्याय तीन: पुन्हा मुलामा देणं, लायनर बसवणं किंवा नवा सिलिंडर. चेनसॉ आणि ब्रशकटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांत हे नेहमी भेटतं.

सहा मापं

व्हर्नियर बाजूला ठेवा. त्याचे जबडे गोलाईत नीट टेकत नाहीत, आणि इथे निर्णय ०.०५ मिमीवर फिरतो. डायल बोअर गेज आणि बाहेरचा मायक्रोमीटर हवा. टेलिस्कोपिक गेजनेही जमतं, पण प्रत्येक जागी तीनदा माप घ्या आणि तिन्ही जुळल्याशिवाय लिहू नका.

सिलिंडर आणि हत्यारं एकाच खोलीत, साधारण २० अंश सेल्सिअसला, निवांत ठेवा. ६० मिमीचा ॲल्युमिनियम सिलिंडर १० अंशांनी तापला तर सुमारे ०.०१४ मिमी फुगतो, बिडाचा त्याच्या निम्मा. नुकताच गरम पाण्याने धुतलेला सिलिंडर मोजणं म्हणजे नसलेली झीज लिहिणं. आणि तो व्हाइसमध्ये आवळू नका. आवळला की लंबगोल होतो.

गेज मायक्रोमीटरवर मूळ मापाला शून्य करा. सिलिंडरमध्ये घालून पुढे-मागे झुलवा. काटा जिथून परत फिरतो ते सर्वात लहान माप खरं. तीन उंचींवर मोजा: कडेच्या लगेच खाली जिथे वरची रिंग थांबते, मधोमध, आणि तळाशी रिंग जेमतेम पोहोचते तिथे. प्रत्येक उंचीवर दोन दिशा: क्रँकशाफ्टच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात. टू-स्ट्रोकमध्ये पोर्टच्या कडा टाळून मोजा.

झीज वरच जास्त का? पिस्टन वर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग शून्यावर येतो, त्यामुळे ऑइलचा पापुद्रा टिकत नाही. त्याच क्षणी स्फोटाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, आणि तापमानही तिथेच सर्वात जास्त. काटकोनाच्या दिशेत जास्त का? पॉवर स्ट्रोकमध्ये कनेक्टिंग रॉड तिरका असतो आणि पिस्टनला एका भिंतीवर रेटतो.

समजा मूळ माप ५७.०० मिमी आहे आणि आकडे असे आले:

वर: काटकोनात ५७.११, शाफ्टच्या रेषेत ५७.०६
मध्ये: ५७.०६ आणि ५७.०४
तळाशी: ५७.०२ आणि ५७.०२

एकाच दिशेतला वरचा-खालचा फरक म्हणजे टेपर: ५७.११ वजा ५७.०२, म्हणजे ०.०९. एकाच उंचीवरचा दोन दिशांतला फरक म्हणजे लंबगोलपणा: ०.०५. मूळ मापापासूनची सर्वात मोठी झीज ०.११. हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहा, निर्णय तिन्हींवर होतो.

आकड्यांची ठेवणही बोलते. वर झीज भरमसाट, भिंत करडी-निस्तेज आणि रिंगांच्या खोबण्याही रुंदावलेल्या असतील, तर फिल्टरमधून धूळ आत जात होती. झीज शाफ्टच्या रेषेत, वर एका बाजूला आणि खाली समोरच्या बाजूला दिसली, तर रॉड वाकलेला आहे. असं कारण तसंच ठेवून बोअर केलं, तर नवा बोअरही तसाच जाणार.

गेज नसेल तर रिंग वापरा

वरची रिंग सिलिंडरमध्ये तळाशी ठेवा, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजा. मग तीच रिंग कडेच्या खाली आणून पुन्हा मोजा. व्यास ०.०१ मिमी वाढला की फट ०.०३१४ मिमी वाढते. म्हणून दोन फटींतला फरक ३.१४ ने भागा. तळाशी ०.३० आणि वर ०.५० आली, तर ०.२० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ०.०६ मिमी टेपर.

वरच्याच उदाहरणात बोअर गेजने ०.०९ दाखवला होता, मग इथे ०.०६ कसा? रिंग परिघ मोजते, म्हणजे दोन्ही दिशांची सरासरी देते. लंबगोलपणा तिच्यात लपतो. तेव्हा रिंगेने टेपर ०.०५ च्या आसपास दाखवला, की खरं माप काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पिस्टनची झीज वेगळी मोजा

पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) पिनच्या काटकोनात, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर मोजा. पिस्टन मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता घडवलेला असतो, त्यामुळे दुसरीकडे मोजलेलं माप निरुपयोगी. बोअरच्या मापातून हे वजा केलं की क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली मोकळी फट, मिळतो. क्लिअरन्स जास्त, पण बोअर मर्यादेत असेल, तर दोष पिस्टनचा आहे. नवा स्टँडर्ड पिस्टन घाला. नवी रिंग खोबणीत बसवून वरची-खालची फटही फीलरने पाहा. खोबणी रुंदावली असेल, तर बोअर कितीही चांगला असो, पिस्टन बदलावा लागतो.

निर्णय

मर्यादा सगळ्या इंजिनांना एक नसते. होंडाच्या जीएक्स १६० इंजिनाचा मूळ बोअर ६८.००० मिमी आणि शेवटची मर्यादा ६८.१६५. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या जुन्या पुस्तिका मात्र ०.०८ मिमी झिजेलाच बोअर सांगतात. लंबगोलपणा बिडाच्या सिलिंडरला ०.०४ आणि ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला ०.०६ च्या पुढे गेला तरीही. म्हणून आपल्या इंजिनाचं मॅन्युअल आधी शोधा. ते मिळालंच नाही, तर ५० ते ७० मिमीच्या बोअरला टेपर किंवा लंबगोलपणा ०.०५ च्या पुढे, किंवा एकूण झीज ०.१० च्या पुढे गेली की बोअर करावा, हे धोरण सुरक्षित आहे. वरच्या उदाहरणात टेपर आणि एकूण झीज दोन्ही पुढे गेल्या आहेत. तिथे बोअरच.

सगळं मर्यादेत असेल, खोल ओरखडा नसेल आणि कड नखाला लागत नसेल, तर होनिंग करून नव्या रिंगा टाका. १८० ते २२० ग्रिटने भिंतीची काचेसारखी चमक काढा. जाळीच्या रेषा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदायला हव्यात. होनिंगने झीज भरून येत नाही. टेपर असलेल्या सिलिंडरला होन मारला तर टेपर तसाच राहतो, फक्त दिसायला नवा.

किती ओव्हरसाइज?

पिस्टन बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी मोठे मिळतात. इथे हिशोब नेहमी चुकतो. झीज ०.११ आहे, म्हणजे ०.२५ भरपूर झालं, असं वाटतं. पण झीज बरीचशी एकाच भिंतीवर असते. सगळी ०.११ एका बाजूला असेल, तर मूळ केंद्र धरून ती पुसायला व्यासात ०.२२ काढावे लागतात. म्हणजे ०.२५ जेमतेम पुरतं. झीज ०.१३ च्या पुढे एका बाजूला गेली की ०.२५ मध्ये जुना डाग उरतोच, मग सरळ ०.५० घ्या. सिलिंडर सरकवून झिजलेल्या बाजूला बोअर मारला तर एक टप्पा वाचतो, पण केंद्र हलतं. हे करू देऊ नका.

पिस्टन आधी आणा, तो मोजा आणि सिलिंडरसोबत लेथवर द्या. बोअरचं अंतिम माप म्हणजे हातातल्या पिस्टनचं प्रत्यक्ष माप अधिक मॅन्युअलचा क्लिअरन्स. डब्यावर छापलेल्या आकड्यावर बोअर करून घेऊ नका. शेवटचे सुमारे ०.०५ मिमी होनिंगसाठी राखायला सांगा, कारण कापणाऱ्या टूलने फाटलेला पृष्ठभाग होननेच साफ होतो. टू-स्ट्रोक असेल तर बोअरनंतर सर्व पोर्टच्या धारा घासून बोथट करायलाही सांगा, नाहीतर रिंग त्यांत अडकून तुटते.

सिलिंडर परत आला की तीच सहा मापं पुन्हा घ्या. सहाही जागी फरक ०.०१ मिमीच्या आसपास असावा. जास्त असेल तर तो परत पाठवायची वेळ हीच, इंजिन जोडल्यावर नाही. रिंगेची फटही पाहा. मग गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन धुवा. पेट्रोलने धुतलं तर होनिंगची बारीक भुकटी भिंतीच्या रेघांत तशीच बसून राहते आणि नव्या रिंगा पॉलिश पेपरसारख्या घासते. पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवा. करडा डाग आला तर पुन्हा धुवा. फडकं स्वच्छ निघालं की लगेच इंजिन ऑइलचा हात मारा, बिडाच्या ओल्या भिंतीवर गंज काही मिनिटांतच चढतो.