कावीळ ब ची लस: पहिले २४ तास आणि पुढचे साडेतीन महिने

हिपॅटायटिस बी, म्हणजेच कावीळ ब, या आजारापासून बाळाचे रक्षण करण्याची तयारी बाळंतपणाच्या आधीच सुरू करावी लागते. महापालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा खासगी नर्सिंग होममध्ये नाव घातल्यावर ज्या रक्त तपासण्या होतात, त्यांत ‘एचबीएसएजी’चा, म्हणजे आईच्या रक्तात कावीळ ब चा विषाणू आहे का हे सांगणाऱ्या तपासणीचा, निकाल आहे का, हे स्वतः पाहून घ्यावे आणि तो कागद फायलीत सर्वांत वर ठेवावा. मुंबईतल्या अनेक पहिलटकरणी सातव्या-आठव्या महिन्यात रत्नागिरीला, साताऱ्याला माहेरी जातात. तपासणी इथे झालेली असते, बाळंतपण तिथे होते आणि अहवाल मात्र इथल्या कपाटातच राहतो. असे होऊ नये म्हणून अहवालाचा फोटो आई आणि वडील या दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा.

लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर शक्य असेल तितक्या लवकर द्यायचा असतो. ही घाई कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. आईच्या रक्तात हा विषाणू असेल, तर बाळाला त्याची लागण बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळीच होते. जन्माच्या सुमारास लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये विषाणू कायमचा ठाण मांडतो, तर प्रौढपणी लागण झालेल्यांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असते. बाळ वर्षानुवर्षे धडधाकट दिसते आणि यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग पुढे, ऐन उमेदीच्या वयात समोर येतो. उशिरा दिलेला पहिला डोस अगदी वाया जातो असे नाही, परंतु आईकडून आलेली लागण रोखण्याची त्याची ताकद प्रत्येक दिवसागणिक घटत जाते. म्हणूनच संपूर्ण वेळापत्रकात हा एक डोस मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हा डोस चुकतो तो बहुधा लहानसहान कारणांनी. शनिवारी रात्री प्रसूती होते, बालरोगतज्ज्ञ सोमवारी यायचे असतात आणि ‘डिस्चार्जच्या वेळी देऊ’ असे सांगितले जाते. अशा वेळी ‘लस आजच हवी आहे, ती कोण आणि किती वाजता देणार?’ असे नातेवाइकांनी स्पष्ट विचारावे. खरे तर नाव घालतानाच हे विचारून ठेवलेले बरे. बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचली, तोंडात पोलिओचे थेंब घातले, की जन्माच्या सगळ्या लसी झाल्या असा समज होतो. कावीळ ब ची लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला टोचतात आणि लसीकरण कार्डावर तिची नोंद वेगळी असते. त्या नोंदीपुढे तारीख आणि वेळ लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नये. नवजात बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी नेहमीची कावीळ ही निराळी गोष्ट असून तिच्यामुळे लस पुढे ढकलण्याचे कारण नाही.

आईचा अहवाल पॉझिटिव्ह असेल, तर लसीच्या जोडीला बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन दुसऱ्या मांडीत, शक्यतो १२ तासांच्या आत द्यावे लागते. हे औषध महाग असते आणि प्रत्येक ठिकाणी हाताशी नसते, त्यामुळे ते आधीच मागवून ठेवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण जास्त असल्यास गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तिला टेनोफोविर या गोळ्या देतात. आईने बाळाला अंगावर पाजण्यास मात्र काहीच हरकत नाही, आणि ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी समजावून सांगायलाच हवी. अशा बाळाची रक्त तपासणी सर्व डोस पूर्ण झाल्यावर, नऊ महिन्यांचे झाल्यानंतरच करावी, कारण त्याआधीचे निकाल फसवे ठरू शकतात. पॉझिटिव्ह आईच्या बाळाचे जन्मवजन दोन किलोंपेक्षा कमी असले, तरी पहिला डोस वेळेवरच देतात. तो मोजणीत न धरता पुढे आणखी तीन डोस देतात.

पुढचे तीन डोस सरकारी कार्यक्रमात पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित, लसीतून मिळतात. ते सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, म्हणजे आरोग्य सेविकांच्या भाषेत दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना द्यायचे असतात. सव्वा महिना पाळणाऱ्या घरांनाही पहिली तारीख अडचणीची नाही, कारण ती त्यानंतरच येते. महापालिकेचे दवाखाने, आरोग्य केंद्रे आणि केईएम, नायर, शीव यांसारख्या रुग्णालयांत ही लस मोफत दिली जाते. बाळ गावी असेल, तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेच कार्ड दाखवून डोस घ्यावा. मुंबईला परतेपर्यंत थांबू नये.

सर्व डोस वेळेवर झाल्यास ९५ टक्क्यांहून अधिक बाळांमध्ये पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होते. पुढे रक्तातील प्रतिपिंडे कमी झालेली दिसली, तरी शरीराची स्मरणशक्ती टिकून असते आणि संरक्षण निदान २० वर्षे, बहुधा जन्मभर मिळते. म्हणून निरोगी मुलाला बूस्टरची गरज नसते. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस देण्यास सुरुवात केली आणि त्यानंतर तिथल्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण स्पष्टपणे घटले.

एखादा डोस राहिला, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे खंड पडला तिथून पुढे, दोन डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवून वेळापत्रक पूर्ण करावे. सरकारी केंद्रात पेंटाव्हॅलंट वर्षभराच्या आत सुरू करता येते. त्याहून मोठ्या मुलाला एकही डोस मिळाला नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे नुसत्या हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस द्यावेत: पहिला लगेच, दुसरा एका महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. लस दुकानातून स्वतः आणायची असल्यास ती थंड पिशवीत आणावी, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नये, कारण एकदा गोठलेली लस निकामी होते आणि ती पुन्हा वितळवून उपयोग नसतो.