शिडाच्या बोटीवरून ‘ऱ्होन’वर डाइव्ह

कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकी सॉल्ट आयलंडजवळ २९ ऑक्टोबर १८६७ च्या चक्रीवादळात ‘आरएमएस ऱ्होन’ ही टपालबोट फुटून बुडाली. तिचा मागचा भाग उथळ पाण्यात आहे, पंखा (प्रोपेलर) तर जेमतेम ८-९ मीटरवर. पुढचा भाग सुमारे २४ मीटर खोल. त्यामुळे दोन डाइव्ह (सिलिंडर लावून मारलेल्या बुड्या) करायच्या: खोलातला पुढचा भाग आधी बघायचा, मागचा नंतर. पाणी नितळ, डाइव्ह तशी सोपी. लोक गोत्यात येतात ते वर उभ्या असलेल्या आपल्या शिडाच्या बोटीपायी.

हे सागरी उद्यान आहे, नांगर टाकायला मनाई. उद्यानाचे बोये (बोट बांधायचे तरंगते गोळे) वापरायला परवाना लागतो. पांढरा बोया खासगी बोटीवरून डाइव्ह करणाऱ्यांसाठी, मुदत ९० मिनिटं. पिवळा व्यावसायिक डाइव्ह बोटींचा, निळा डिंगीचा (बोटीसोबतच्या छोट्या होडीचा). दोन डाइव्हच्या मध्ये किमान तासभर विश्रांती हवी, म्हणजे ९० मिनिटांत दोन्ही बसत नाहीत. पहिली सकाळी लवकर उरका, बोया सोडा, शेजारच्या कूपर आयलंडला जेवा आणि दुपारी परत या.

बोयाकडे इंजिनावर, वाऱ्याला तोंड देत या. बोयाच्या दोरीच्या टोकाला फास असतो, तो ओढून थेट क्लीटवर (बोटीवरच्या दोरी बांधायच्या खुंटीवर) चढवू नका. लाटेचा सगळा झटका त्यावर येतो. स्वतःची एकच दोरी फासातून डावीकडून उजवीकडे ओवली, तर बोट झुलताना ती फासात करवतीसारखी घासते. दोन दोऱ्या घ्या, प्रत्येक फासातून ओवून जिथून निघाली त्याच बाजूच्या क्लीटवर परत आणा आणि थोडी सैल सोडा.

आता प्रवाह बघा. बोट वाऱ्याला तोंड न देता आडवी उभी असेल, तर प्रवाह जोरात आहे. थांबा किंवा डाइव्ह सोडून द्या. मागे ३० मीटर तरंगती दोरी सोडा, टोकाला फेंडर (बोटीच्या कडेला लावायचा हवेचा फुगा). डाइव्हचा झेंडा चढवा, इंजिन बंद. शिडी उडी मारण्याआधीच खाली करा (हसू नका, ही चूक नेहमीची आहे). इंजिन आणि डिंगी दोन्ही चालवता येणारा एक जण वर थांबलाच पाहिजे.

हवेचा हिशेब असा (बार म्हणजे दाबाचं एकक): २०७ बारच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये साधारण २३०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस २४ मीटरवर, दाब ३.४ पट असल्याने, ६८ लिटर घेतो. ७० बारला वर निघायचं ठरवलं तर खाली जेमतेम २२ मिनिटं मिळतात. सिलिंडर रिकामं होत आलं की तरंगू लागतं, म्हणून कमरेला बांधायची वजनं ५० बारवर तपासून ठरवा. नाहीतर वर येताना ५ मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यात तुम्ही बुचासारखे वर जाल. तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली डुबकी इथे पुरत नाही, आणि बुडालेल्या बोटीच्या सांगाड्यात शिरायला वेगळं प्रशिक्षण लागतं.

मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका. लाटेवर बोटीचा मागचा भाग उचलून धाडकन आपटतो, त्याच्याखाली डोकं नेऊ नका. तरंगती दोरी धरा, वजनांचा पट्टा आणि बीसीडी (सिलिंडर लावलेलं, हवा भरता येणारं जाकीट) पाण्यातच काढून वर द्या, फिन्स (पायातले वल्ह्यासारखे पंख) शिडी हातात आल्यावर काढा.

हा सगळा व्याप नको असेल, तर तिथली डाइव्ह दुकानं तुमच्या बोटीवरून तुम्हाला उचलून नेतात. सहलीचा शेवटचा दिवस मात्र कोरडा ठेवा: दोन-तीन डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात.